पाटीवर नाव रूपसिंगचे, मैदानात खेळ दुसराच

आम्हां गोंयकारांना पडाव म्हटले की होडी आठवते, नदीतून माल वाहणारी. ग्वाल्हेरात मात्र पडाव म्हणजे मुक्काम, तळ. आणि आता स्टेशनाजवळचा एक गजबजलेला भाग. तिथे रिक्षावाल्याला म्हटले, "रूपसिंग स्टेडियम." तो लगेच म्हणाला, "ते सचिनच्या दोनशेवालं ना?" हो, तेच. मग मुद्दामच विचारले, "हा रूपसिंग कोण हो?"

"असेल कोणीतरी पुढारी."

वाचकहो, हा 'कोणीतरी पुढारी' म्हणजे ध्यानचंदचा धाकटा भाऊ! 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेला 24-1 असे धुतले. त्यातले 10 गोल एकट्या रूपसिंगचे, ध्यानचंदचे 8. पुढे 15 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनमध्ये यजमान जर्मनीला 8-1 ने लोळवणाऱ्या संघातही तो होता. रूप माझ्याहून सरस, असे खुद्द ध्यानचंद सांगत. नंतरची दोन ऑलिम्पिके महायुद्धाने गिळली. आणि पोटापाण्याचे काय? ते शिंद्यांच्या फौजेतल्या नोकरीवर. हॉकी खेळून घर चालावे अशी सोयच नव्हती.

1977 साली तो ग्वाल्हेरातच वारला. मग आम्ही काय केले? हॉकीच्या मैदानाला त्याचे नाव दिले आणि तिथे क्रिकेट आणून बसवले! 1988 साली तिथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला आणि 24 फेब्रुवारी 2010 ला सचिनचे नाबाद 200. (सचिनशी माझे भांडण नाही. ती खेळी मीही खुर्चीवरून न उठता पाहिली होती.) आता आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही तिथून गाशा गुंडाळला. 2024 चा बांगलादेशविरुद्धचा टी-ट्वेंटी सामना झाला तो नव्या स्टेडियमवर. त्याला नाव माधवराव शिंद्यांचे. तिथे रिक्षावाल्याचा अंदाज बरोबर ठरला असता!

आता या 8-1 वाल्या जर्मनीकडे बघा. खेळ वेगळा घेऊ, आमचा लाडका फुटबॉल. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली. त्यांनी कुठल्या जुन्या वीराचे नाव स्टेडियमला देऊन दुःख हलके केले नाही. व्यावसायिक क्लबांना मुलांच्या अकादम्या काढणे सक्तीचे केले. त्या अकादम्यांत वाढलेली पोरे 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी आमच्या फातोर्ड्याला आली आणि 10 ऑक्टोबरला इराणकडून 4-0 असा सपाटून मार खाल्ला. आम्ही मनसोक्त हसलो.

हसलो खरे, पण पुढे काय झाले? मधल्या फळीतला एलियास अबूशाबाका लाइपझिगचा. त्याचे त्यांच्या मोठ्या संघात काही बस्तान बसले नाही, पण दुसऱ्या क्लबांची दारे उघडी होती. कर्णधार यान-फिएटे आर्प 2019 मध्ये बायर्नला गेला, तिथे जमले नाही, तर 2021 मध्ये कीलला. पाय घसरला तर खालची पायरी आहे, आणि तिथेही पगार आहे. यालाच म्हणतात करिअर. नुसत्या गुणावर ते होत असते तर रूपसिंगचे सर्वांत आधी झाले असते.

आणि आमच्याकडे? त्या विश्वचषकातल्या आमच्या मुलांसाठी इंडियन ॲरोज नावाचा संघ ठेवला होता, तो 2022 मध्ये बंद केला. त्याआधी 2016 मध्येच धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय क्लबांनी आय-लीग सोडली होती. धेंपो परत यायला 2024 उजाडले. मधल्या आठ वर्षांत सतराचा मुलगा पंचवीसचा होतो. त्याने वाट बघत काय करायचे, जहाजावर नोकरी?

"पैसा कुठाय?" असे कोणीतरी विचारणारच. शंकरपूरला नवे क्रिकेट स्टेडियम उभे राहते तेव्हा हा प्रश्न कुठे जातो?

ग्वाल्हेरात हॉकी मेली असेही नाही. मध्य प्रदेश सरकारची मुलींची हॉकी अकादमी 2006 पासून तिथे आहे, आणि तिथल्या मुली भारताकडून खेळल्या आहेत. म्हणजे मनात आणले तर जमते! आमच्या फातोर्ड्यावरही 1989 पासून एकदिवसीय क्रिकेट व्हायचे, फुटबॉलच्या हिरवळीत खेळपट्टी घुसडून. आता तिथे फुटबॉलच असतो. पाटीवर नेहरूंचे नाव आहे, ते फुटबॉल खेळत नव्हते, पण आमच्या पोरांना चेंडू लाथाडायला जागा तरी आहे.

तेव्हा ग्वाल्हेरकरांनो, आणि त्यात लष्करातली आमची मराठी मंडळीही आली, आंतरराष्ट्रीय क्रिकेट दुसरीकडे गेलेच आहे, तर रूपसिंगच्या मैदानावर हॉकीचे टर्फ घाला. मुलांचे सामने भरवा, खेळणाऱ्याला महिन्याचे मानधन द्या. जमत नसेल तर त्याचे नाव तेवढे उतरवा.