रेफर करा, नंबर मिळवा

आईच्या पलंगावर कोरी चादर पडली तेव्हाच मी ओळखलं, कमिटी येतेय. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातला आमचा तिसरा दिवस. पहाटेपासून फिनेलचा भपकारा, जिन्याखालच्या मोडक्या स्टँडांवर हिरवा पडदा, बेसिनपाशी चक्क साबण. सिस्टर हळूच म्हणाल्या, "काका, कुणी विचारलंच तर औषधं इथूनच मिळतात म्हणा हं." बाहेरच्या मेडिकलचं बिल माझ्या खिशातच होतं. बाईंचा राग आला नाही. आदल्या रात्री अख्ख्या वॉर्डाला त्या एकट्या होत्या.

संध्याकाळी पथक गेलं. चादरीही गेल्या.

पथक आलं होतं कायाकल्पसाठी. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेचा हा पुरस्कार २०१५ पासून दिला जातो, जिल्हा रुग्णालयाला पहिलं बक्षीस ५० लाखांचं. स्वच्छता हवीच, घाणीनेही माणसं मरतात. पण चादर मोजता येते म्हणून चादरच मोजायची?

त्याच रात्री शेजारच्या पलंगावरची बाळंतीण अत्यवस्थ झाली. भूलतज्ज्ञ नाही. केसपेपरवर 'रेफर' लिहिलं आणि तिला १०८ च्या रुग्णवाहिकेत घालून मेडिकल कॉलेजला पाठवून दिलं. तिचं पुढे काय झालं, हे इथल्या कुठल्याच रजिस्टरात नाही. जगली तर उत्तम. दगावली तर तो मृत्यू मेडिकल कॉलेजच्या खात्यावर. आमच्या रुग्णालयाचा मृत्युदर मात्र चकाचक, त्या फरशीसारखा.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचं उघड झालं, त्यात १२ नवजात बालकं. शेवटच्या घटकेला बाहेरून आलेले रुग्ण बरेच होते, असा खुलासा आला. मग पाठवले कुणी, कधी, कशासाठी, हे कुणी मोजलं? एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय घासायला लावलं. तिथेही मोजमाप फरशीचंच!

बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला आणि त्यात आपल्याच १२३ चुका मोजून दाखवल्या. आमच्याकडे चूक कबूल करणाऱ्याला आधी नोटीस मिळते, मग बदली. आकडे गोड येणार नाहीत तर काय!

मला एकच आकडा हवाय. गेल्या वर्षी किती जणांना रेफर केलं आणि त्यातले किती जिवंत घरी परतले? दर्शनी भिंतीवर, कायाकल्पच्या प्रमाणपत्राशेजारी लावा. खिळा मी आणतो.