वहिवाटीची वाट अडली तर

तहसील कचेरी म्हणजे दाखले काढायची जागा, एवढेच आपण धरून चालतो. पण तेथे तहसीलदार न्यायदानालाही बसतात. शेजाऱ्याने वहिवाटीची गाडीवाट नांगरली किंवा काट्या टाकून अडवली, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली त्यांच्याकडे दावा करा. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत! भाऊबंदकीत 'सुगी होऊ द्या, मग बघू' म्हणता म्हणता मुदत टळते. मुळात वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ लागते; त्याखाली बांधावरून रस्ता मागावा. अर्जासोबत सातबारा व कच्चा नकाशा जोडा. वाट कोणकोणत्या गटांच्या बांधावरून जाते, ते नकाशात स्पष्ट दाखवा. स्थळपाहणीच्या दिवशी स्वतः शेतात हजर राहा.