तिवराचे बी कुठल्या झाडाचे?

उरण तालुक्यात बंदर आले, सिडकोचा द्रोणागिरी नोड आला आणि खाडीकाठची खारफुटी जागोजाग तुटली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला, हे बरेच झाले. पण भरपाईची लागवड करताना बी कुठल्या झाडाचे, हे कोण विचारतो? हाताशी आलेल्या दोन-चार झाडांखालचे तिवराचे बी वेचायचे, पिशव्या भरायच्या, झाला आकडा पुरा! मग सारी रोपे भावंडेच. एखादी कीड आली की सगळीच बसायची भीती. शिवारभर एकच भातवाण लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तिवराचे बी भरतीच्या पाण्यावर वाहत जाते. मध्ये भराव पडला की या खाडीचे बी त्या खाडीत पोचत नाही. तेव्हा निदान पंचवीस-तीस, आणि तीही दूरदूरच्या झाडांचे बी मिसळून घ्यावे.

राज्याने २०२२ साली महाराष्ट्र जनुक कोशासाठी पाच वर्षांकरिता १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. त्यात सागरी जैवविविधताही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मातृवृक्षांचा नकाशा करताना इथल्या आगरी-कोळ्यांना सोबत घ्या. कुठले झाड कधी फळते, ते त्यांना विचारा.