१ ऑक्टोबरच्या आधी मोजा

कान्हा, बांधवगड आणि पेंचची गाभा क्षेत्रं १ ऑक्टोबरला पुन्हा उघडतात. तिकडे जाणारे कितीतरी पाहुणे एक रात्र जबलपुरात काढतात, परततानाही पुन्हा एक. पाठोपाठ नवरात्र, शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटचा नर्मदा महोत्सव, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. एवढ्या गर्दीत साठा मोजायला कुणाला सवड नसते. म्हणून जबलपूरच्या हाउसकीपिंगमधल्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगतो, चादरी-टॉवेलांची मोजदाद सप्टेंबरातच करा.

हे गाव एका रात्रीच्या मुक्कामाचं आहे. उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ इथे असल्यामुळे तारखेला आलेला पक्षकारही काम आटोपून दुसऱ्या दिवशी निघतो. पाहुणा तीन रात्री राहिला तर चादर एखाद वेळी न बदलता चालते. इथे मात्र पलंग जवळजवळ रोजच नव्याने घालावा लागतो. समजा, ४० डबल खोल्या आहेत आणि प्रत्येक पलंगाला २ चादरी लागतात. म्हणजे सगळ्या पलंगांना एकदा पुरणारा संच, ज्याला आपण ‘पार’ म्हणतो, तो ८० चादरींचा. एक संच पलंगावर, एक लाँड्रीत, एक कपाटात, असे तीन पार धरले की २४० होतात आणि कागदावर सगळं जुळतं. पण पावसाळ्यात लाँड्रीने एक दिवस जास्त घेतला की कपाटातला संच संपतो आणि इस्त्रीची ऊबही न गेलेली चादर थेट पलंगावर जाते. सुती कापडाला दोन धुण्यांमध्ये विसावा मिळाला नाही तर ते लवकर विरतं. माझ्या मते इथे चार पार, म्हणजे ३२० चादरी, ही किमान गरज आहे. मालकांना तो खर्च वाटतो. तीन पारांत चादरी वेळेआधी बाद होतात तो खर्च मात्र कुणी मांडत नाही.

मोजायचं ते एकाच वेळी, देवाणघेवाण थांबवून. पलंग, ट्रॉली, मजल्यावरची पॅन्ट्री, मळक्या कपड्यांची पिशवी, शिंप्याकडचा गठ्ठा आणि लाँड्रीचं चलन, सगळं त्याच तासात. सकाळी कपाट आणि दुपारी पॅन्ट्री मोजली तर तोच टॉवेल दोनदा तरी मोजला जातो, नाहीतर एकदाही नाही.

जबलपूरच्या एका हॉटेलात अशाच अर्धवट मोजणीवरून टॉवेल कमी ठरले आणि रूम बॉयच्या पगारातून पैसे कापले गेले. लिनन रूम सांभाळणाऱ्या मावशींनी हट्टाने पुन्हा मोजायला लावलं. बरेचसे टॉवेल पाहुण्यांच्या ड्रायव्हरांच्या खोलीत निघाले. काही फाटके टॉवेल कापून त्यांची फडकी केली होती, पण बाद मालाच्या वहीत नोंदच नव्हती. मावशी मला म्हणाल्या, “साहेब, त्या पोराने काय घरी नेऊन पांघरले असते का?” कर्मचाऱ्याच्या ताब्यात रीतसर दिलेली वस्तू त्याच्याच निष्काळजीपणाने हरवली असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावर. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. एक मळका घेऊन एक स्वच्छ देण्याची पद्धत काटेकोर पाळली आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, तर अशी वेळच येत नाही.

खरी गळती आहे ती ग्वारीघाटावर. स्नानाला निघालेला पाहुणा खोलीतला पांढरा टॉवेल खांद्यावर टाकतो. तो गाळाने माखून परत येतो किंवा घाटावरच राहतो. पाहुण्याला दोष देऊन उपयोग नाही, नर्मदेत बुडी मारायलाच तो आलेला असतो. अशा पाहुण्यांच्या खोल्यांत रंगीत सुती पंचे वेगळे ठेवावेत, त्यांचा साठा वेगळ्या पानावर लिहावा, आणि पाहुणा निघताना स्वागतकक्षातूनच विचारावं, “घाटावर जाताय ना? पंचा घेतलात का?”