अळूला थंडी वाजते



बारामती-इंदापूरकडे अळूचे शेत सहसा कोणी करीत नाही. अळू असते परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, आणि त्याची धनीण असते घरची माउली. वडीची पाने आठवडे बाजारात गेली की मीठ-मिरचीचा खर्च सुटतो. पण पौष आला की पाने पिवळी पडून माना टाकतात. मग ‘रोग पडला’ म्हणून गड्डे उपटून उकिरड्यावर टाकले जातात. बहुतेक वेळा तो रोग नसतो, थंडी असते.

अळू हे उष्ण, दमट हवेचे पीक. २१ ते २७ अंश तापमान त्याला मानवते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. नीरा आणि भीमेच्या काठच्या सखल जमिनीत गारठा अधिक साचतो. अशा वेळी अळू वाढ थांबवते, पाने टाकते, पण गड्डा जिवंत राहतो. तो दाबून पाहा. टणक लागला तर जिवंत आहे. मऊ पडून वास येत असेल तरच काढून टाका.

मोठे अळू थंडी सोसते. जपावे लागते ते बगलेच्या कोवळ्या पिलांना, कारण त्यांच्या गड्ड्यात साठा थोडा असतो.

पहिली गोष्ट पाण्याची. वाढ थांबली की अळूची तहान कमी होते. गार चिखलात गड्डा सडतो. म्हणून या दिवसांत सांडपाण्याचा पाट थोडा बाजूला वळवा. माती नुसती ओलसर असू द्या. पाणी द्यायचे ते सकाळी ऊन आल्यावर.

दुसरी गोष्ट पांघरुणाची. बुडाशी उसाचे पाचट चार बोटे जाड पसरा. पिलांवर चार काटक्या रोवून रात्री पोते टाका, सकाळी काढा. डब्यात लावलेली रोपे गोठ्याच्या आडोशाला ठेवा.

तिसरी गोष्ट, युरिया देऊ नका आणि लहान रोपाची पाने खुडू नका. दोन-तीन पाने असली तरच ते तग धरते.

फेब्रुवारीत ऊब आली की पिले सोडवून दोन-दोन फुटांवर लावा. खड्ड्यात कुजलेले शेणखत घाला. उन्हाळ्यात केळी किंवा शेवग्याची विरळ सावली चांगली. कालव्याखालच्या ज्या जमिनीवर पांढरे मीठ फुलते, तिथे लावू नका. कपड्यांच्या सोड्याचे पाणीही अळूवर सोडू नका, अंघोळीचे चालेल.

माउलींनो, अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यांनीच घसा खाजतो. म्हणून भाजी पूर्ण शिजवा आणि चिंच किंवा आंबट ताक घाला. मुलांना कच्चे पान तोंडात घालू देऊ नका.

पौषात जपलेले पिलू श्रावणात वडीची पाने देते, आणि गौरी-गणपतीत जुडीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. आज उकिरड्यावर फेकलेला गड्डा मात्र पावसाळ्यात शेजारणीकडे मागावा लागतो. तेव्हा विळा हातात घेण्याआधी एकदा गड्डा दाबून पाहा.