आजोबांची स्कूटर आणि परीक्षा

आमचे आजोबा ७८ वर्षांचे. गेल्या दिवाळीपर्यंत ते स्कूटर चालवीत होते. एके संध्याकाळी बाजारातून परतताना उजवीकडून आलेला सायकलवरचा मुलगा त्यांना दिसलाच नाही. मुलाचे ढोपर फुटले, एवढ्यावर निभावले. त्याच रात्री वडिलांनी स्कूटरची किल्ली कपाटात टाकली. आजोबा काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून त्यांचे वाचनालय सुटले, मित्रमंडळी सुटली आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीसुद्धा माझ्या तोंडाकडे पाहणे नशिबी आले.

कायदा काय म्हणतो? पंचावन्नीनंतर परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. मात्र मुदत संपून वर्ष उलटले नसेल, तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. आजोबांचा दाखला एका डॉक्टरांनी मान वर न करताच लिहून दिला होता. अक्षरांचा तक्ता भिंतीवरच राहिला!

जपानमध्ये एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या एका गृहस्थांच्या मोटारीखाली टोकियोत एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असे न्यायालयाने ठरविले. तेथे पंचाहत्तरीनंतर परवाना नवा करताना स्मरण व आकलनाची चाचणी असतेच. शिवाय मे २०२२ पासून, ज्यांच्या नावावर ठरावीक नियमभंग आहेत अशा वृद्धांना गाडी प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागते.

नुसत्या वयावर बंदी घालावी, असे मी म्हणणार नाही. रात्री बेफाम मोटारसायकली हाकणारे आमच्याच वर्गात बसतात. परंतु सत्तरीनंतर प्रत्येक नूतनीकरणाला रस्त्यावरची परीक्षा हवी, आणि ती परक्या माणसाने घ्यावी. मुलाने किल्ली काढून घेणे हा अपमान आहे. परीक्षेत नापास होणे हा नाही. आणि नापास झालेल्याने जायचे कसे, याचाही विचार व्हावा. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे खरा, पण एस.टी. काही गावातल्या वाचनालयाच्या दारात थांबत नाही.

गेल्या रविवारी आजोबांनी स्वतःच वडिलांकडून किल्ली मागून घेतली. मला म्हणाले, "चल मैदानावर. मागे बस, आणि खरे ते सांग." मी बसलो. दोनदा त्यांनी मागे न पाहताच गाडी उजवीकडे वळविली.

"काय रे, पास की नापास?"

"आजोबा, पुढच्या रविवारी पुन्हा एकदा येऊ," मी म्हणालो.