फाशीच्या घोषणा आणि एक जूनची जन्मतारीख

बालिकेवरील अत्याचाराची बातमी आली की गावोगाव संतापाची लाट उसळते. बाजारपेठ बंद राहते, मूक मोर्चे निघतात, तहसीलदारांना निवेदने दिली जातात आणि 'नराधमाला फाशी द्या' ही एकच मागणी सर्वमुखी होते. हा संताप समाज जिवंत असल्याचे लक्षण आहे, यात शंका नाही. परंतु जो संताप निवेदनाची पोच घेऊन घरी परततो आणि खटला उभा राहिल्यावर साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे फिरकतही नाही, त्याला न्यायबुद्धी म्हणता येईल काय?

कायदा पुरेसा कठोर नाही, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजेच पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. २०१९च्या दुरुस्तीने त्यातील कलम ६ ची किमान शिक्षा दहा वर्षांवरून वीस वर्षांवर नेली आणि फाशीचीही तरतूद केली. मात्र हे कलम आपोआप लागू होत नाही. मूल बारा वर्षांखालील होते, आरोपी त्याचा नातेवाईक होता, त्याच्याच शाळेचा कर्मचारी होता, विश्वासाच्या स्थानी होता, किंवा अत्याचार वारंवार घडला, यांपैकी काही तरी सरकार पक्षाला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. कलम २९ आरोपीविरुद्ध गृहीतक मांडते हे खरे. पण पायाभूत गोष्टी आधी शाबीत झाल्यावाचून ते गृहीतक उभे राहत नाही. मुलाचे वय ही त्यातली पहिली गोष्ट.

याने फरक किती पडतो? बारा वर्षांखालील मुलीशी लैंगिक हेतूने अंगलट केली, तर कलम १० नुसार शिक्षा पाच ते सात वर्षांची. ते वय शाबीत झाले नाही, तर कलम ८ नुसार तीन ते पाच वर्षांची. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीवर शाळेच्या कर्मचाऱ्याने बलात्कार केला, तर किमान वीस वर्षे. तो त्या शाळेचा कर्मचारी होता हे ठरले नाही, तर किमान दहा. हजेरीपटाच्या एका पानावर दहा वर्षांची शिक्षा अवलंबून असते!

आता जुन्नर आणि आंबेगावकडे पाहावे. पश्चिमेला भीमाशंकर-नाणेघाटच्या डोंगररांगांत महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या. त्यांची मुले घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत राहतात. पूर्वेला बागायती पट्टा. विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. द्राक्ष, टोमॅटो, कांद्याच्या हंगामात नारायणगाव परिसरात बाहेरगावचे मजूर उतरतात. कोपीत वा बांधावर जन्मलेल्या मुलीची जन्मनोंद नेमकी कोणत्या ग्रामपंचायतीत असते? अनेकदा कोठेच नसते.

मग ती शाळेत जाते आणि गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये लिहितात : एक जून. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहिली, तर त्या दिवशी विधात्याला क्षणाचीही उसंत नसावी! या सोयीस्कर तारखेवर गावात कौतुकाने विनोद होतात. न्यायालयात मात्र तोच विनोद आरोपीची ढाल होतो. 'ही तारीख कोणत्या आधारे लिहिली?' हा बचाव पक्षाचा एक प्रश्न पुरेसा असतो, कारण मुख्याध्यापकांपाशी त्याचे उत्तर नसते.

ही भीती काल्पनिक नव्हे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला वा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. १८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका खटल्यात शाळा बदलल्याचा दाखला या क्रमात बसत नाही असे ठरवले. वैद्यकीय पुरावा मुलीचे वय अठराच्या पुढे दाखवीत होता आणि कलम ६ खालील दोषसिद्धी रद्द झाली. हाडांच्या चाचणीत दोन वर्षांची घटवाढ गृहीत धरावी लागते. अकरा वर्षांची मुलगी त्या हिशेबात तेरा वर्षांचीही ठरू शकते.

न्यायालयेच आरोपीधार्जिणी आहेत, असा सूर यावर उमटतो. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 'त्वचेला त्वचेचा स्पर्श' हवा असा अजब निकष लावला. गडचिरोलीच्या पाच वर्षांच्या बालिकेच्या खटल्यातील गंभीर कलमही त्याच महिन्यात काढून टाकले. त्यावरचा रोष योग्यच होता. पण १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ते दोन्ही निकाल रद्द केले. कायद्याचा चुकीचा अर्थ वरच्या न्यायालयात दुरुस्त होतो; तपासात गोळाच न झालेला कागद मात्र सहसा कोणतेही न्यायालय निर्माण करू शकत नाही.

शिवनेरीच्या परिसरात अशा प्रसंगी रांझ्याच्या पाटलाचे उदाहरण हमखास दिले जाते. द्यावेच! पण १६४६ सालचे ते पत्र पुरते वाचावे. पाटलाच्या बदअमलाची वार्ता कानी आल्यावर त्याला समोर आणले गेले, विचारपूस झाली, हकीकत खरी ठरली आणि मगच शासन झाले. ज्याच्यावर गावाच्या रक्षणाचा भार, त्याचाच तो अपराध होता; म्हणून त्याची पाटिलकीही गेली. अधिकाराच्या स्थानामुळे गुन्हा अधिक गंभीर ठरतो, हे तत्त्व शिवशाहीला ठाऊक होते. आणि शिक्षेआधी शहानिशा हवी, हेही.

तेव्हा निवेदनांचा मजकूर बदलला पाहिजे. प्रत्येक जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी, कोप्यांवर ग्रामपंचायतीने स्वतः जावे. शाळेने आधारावाचून तारीख लिहू नये. आश्रमशाळेने नेमणूक आदेश आणि हजेरीपट जपावेत. गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, याचे स्मरण त्याला द्यावे. पोलिसांनी पहिल्याच आठवड्यात मूळ रजिस्टर ताब्यात घ्यावे. आणि आरोपी घरातलाच काका-मामा निघाला, तर घराण्याच्या अब्रूसाठी नाते लपवणाऱ्यांना गावाने थारा देऊ नये. ते नाते शाबीत होणे हाच खटल्याचा कणा असतो.

फाशीची मागणी करायला एक दुपार पुरते. खटला जिंकून देण्यासाठी साक्षीला उभे राहावे लागते आणि मुलगी जन्मते त्याच महिन्यात तिचे नाव नोंदवहीत लिहावे लागते. तेवढे कष्ट ज्या गावाला जड वाटतात, त्याच्या मेणबत्त्यांचा उजेड न्यायालयाच्या पायरीपर्यंतही पोहोचणार नाही.